आयबीडी आणि कामजीवन : सोसू नका, सांगा

अल्सरेटिव्ह कोलायटिस आणि क्रोन्स या आतड्यांच्या सुजेच्या दोन आजारांना मिळून आयबीडी म्हणतात. बहुतेकांना हे आजार १५ ते ३५ या वयात गाठतात. कॉलेज, नोकरी, लग्न, पहिलं मूल हे सगळं याच वर्षांत येतं. दिवसातून आठ-दहा वेळा संडासला धावावं लागतं, रक्त पडतं, अंगात त्राण राहत नाही, आणि त्याच काळात कुणाच्या तरी जवळ जावंसंही वाटत असतं. तरी दवाखान्यात वजन, हिमोग्लोबिन, जुलाब आणि कोलोनोस्कोपी एवढ्यावर बोलणं संपतं. पेशंटला संकोच वाटतो, डॉक्टरांच्या दाराशी रांग असते, आणि शेजारच्या खुर्चीत आई किंवा सासूबाई बसलेल्या असतात.

मग जो तो आपल्यापुरता मार्ग काढतो. कुणी ठरवून टाकतं की हे सुख आता आपल्या नशिबात नाही. कुणी मूल हवं म्हणून गोळ्या परस्पर बंद करतं आणि काही आठवड्यांत आजार पुन्हा उसळतो. कुणी भिंतीवरची जाहिरात वाचून ‘ताकदीच्या’ पुड्या आणतं. या तिन्ही वाटा नुकसानीच्या आहेत आणि तिन्ही टाळता येतात. आजार ताब्यात असणं हाच कामजीवनाचा पाया आहे, म्हणून औषध स्वतःहून थांबवू नका. त्यानंतरही जो त्रास उरेल त्यातल्या बऱ्याच भागावर उपाय आहेत, म्हणून तो डॉक्टरांना सांगा. या दोन गोष्टी मनात पक्क्या करून पुढचा तपशील वाचा.

हा आजार लागत नाही

आयबीडी संसर्गजन्य नाही. चुंबनातून, शरीरसंबंधातून, एकाच ताटात जेवल्यानं किंवा एकच संडास वापरल्यानं तो जोडीदाराला होत नाही. संबंध ठेवल्यामुळे आतड्याची सूज वाढते, असंही नाही. पोट नाजूक झालंय म्हणून जपून राहावं, हा सल्ला घरातली मोठी माणसं प्रेमानं देतात, पण आजार शांत असताना अशा ब्रह्मचर्याची काही गरज नसते. आजार उसळलेला असताना मात्र शरीर स्वतःच नको म्हणतं. त्याचं ऐकावं, आणि तेवढे दिवस जोडीदाराला कारण नीट सांगावं.

इच्छा का कमी होते?

याला सहसा एकच कारण नसतं. सगळ्यांत मोठं कारण म्हणजे चालू असलेली सूज. पोटात कळा येत असतील, सारखं कुंथावंसं वाटत असेल, संडास आवरणार नाही अशी धास्ती असेल, तर इच्छा होणार कुठून? आजार आटोक्यात आला की बऱ्याच जणांची इच्छा आपसूक परत येते.

दुसरं कारण थकवा. आयबीडीत रक्त कमी होतं, लोह घटतं. छोट्या आतड्याचा शेवटचा भाग सुजलेला किंवा काढलेला असेल तर बी-१२ जीवनसत्त्व कमी पडतं. ड जीवनसत्त्वाचीही कमतरता आढळते. म्हणून ‘मला उत्साहच वाटत नाही’ अशी तक्रार असेल तर हिमोग्लोबिन, फेरिटिन, बी-१२ आणि थायरॉइड तपासून घेणं योग्य ठरतं. लोह भरून निघाल्यावर माणूस किती बदलतो, ते घरच्यांना आधी दिसतं.

तिसरं कारण औषधं. प्रेडनिसोलोनसारख्या स्टेरॉइडनं चेहरा सुजल्यासारखा गोल होतो, मुरुम येतात, वजन वाढतं, झोप उडते, मन चिडचिडं किंवा उदास होतं. आरशात स्वतःलाच ओळखू न येणारा माणूस दुसऱ्याच्या जवळ जायला कचरतो. हे बदल बहुतांशी स्टेरॉइड कमी झाल्यावर ओसरतात. पण स्टेरॉइड एकदम थांबवणं धोक्याचं असतं. ते डॉक्टरांनी आखून दिल्याप्रमाणे टप्प्याटप्प्यानंच उतरवायचं. पुन्हा पुन्हा स्टेरॉइड घ्यावं लागत असेल, तर ‘दीर्घकाळ चालणारं दुसरं औषध सुरू करता येईल का?’ असं डॉक्टरांना आवर्जून विचारा.

चौथं कारण मन. आयबीडीच्या पेशंटमध्ये नैराश्य आणि चिंता इतरांपेक्षा जास्त आढळते आणि इच्छेवर त्याचा थेट परिणाम होतो. त्यासाठी दिलेल्या काही गोळ्यांनीही इच्छा मंदावते किंवा तृप्तीला वेळ लागतो. तसं जाणवलं तर गोळी मनानं सोडू नका. मात्रा बदलता येते, गोळीही बदलता येते. मन फार खचलं असेल तर १४४१६ या टेली-मानसच्या क्रमांकावर मोफत बोलता येतं.

जवळीक सोपी कशी होईल?

सगळ्यांत जास्त भीती एकाच गोष्टीची असते : ऐन वेळी संडासला लागलं तर, वारा सरला तर, वास आला तर? त्यासाठी काही साधे उपाय आहेत.

जेवल्यावर आतड्याची हालचाल वाढते, म्हणून भरपेट जेवणानंतर लगेच जवळ येणं टाळा. दीड-दोन तास जाऊ द्या. तुमचं पोट दिवसाच्या कोणत्या वेळी शांत असतं ते काही दिवस पाहून ठेवा. अनेकांना सकाळी उठल्या उठल्या घाई असते, त्यांना दुपार किंवा रात्र बरी पडते. रात्र हीच एक वेळ, असा काही नियम नाही. आधी संडासला जाऊन या, कोमट पाण्यानं स्वच्छता करा, जवळ टॉवेल ठेवा. कांदा, डाळी, कोबी यांपैकी तुम्हाला ज्यानं वारा धरतो ते त्या दिवशी कमी खा. जुलाब थांबवणारी लोपेरामाइडची गोळी काही जण अशा वेळेसाठी जवळ ठेवतात, पण आजार उसळलेला असताना ती घातक ठरू शकते. म्हणून डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही.

गुदद्वारातून घ्यायचा मेसालामीनचा एनिमा किंवा सपोझिटरी रात्री झोपताना वापरायची असते. ती घातल्यावर हालचाल केली तर औषध बाहेर येतं. म्हणून जवळीक आधी आणि औषध नंतर, असा क्रम ठेवा. एखाद्या रात्री उशीर झाला तरी औषध चुकवू नका.

पोटावर भार येणारी स्थिती टाळून कुशीवर, किंवा ज्याला त्रास आहे त्यानं वर असलेल्या स्थितीत बऱ्याच जणांना आराम वाटतो. शिवाय शरीरसुख म्हणजे दर वेळी संभोगच असला पाहिजे, असं नाही. मिठी, चुंबन, मालिश, हातानं दिलेलं सुख यांतही जवळीक असते. आजार उसळलेल्या आठवड्यांत तीच टिकवून ठेवावी.

दोन खोल्यांच्या घरात, जिथे संडासचं दार सगळ्यांसमोर उघडतं, तिथे हे सगळं आणखी अवघड होतं. अशा वेळी जोडीदारासोबत एखादी खूण ठरवून ठेवा : थांबायचं असेल तर एक शब्द पुरेसा, स्पष्टीकरण नंतर. थांबावं लागलं म्हणजे नाकारलं असं नव्हे, हे दोघांनाही आधीच माहीत असलं की अपमान वाटत नाही.

स्त्रियांना होणारे त्रास

संबंधाच्या वेळी दुखणं हे नशीब नव्हे. ते एक लक्षण आहे आणि त्याची कारणं वेगवेगळी असतात. योनी कोरडी पडणं, स्टेरॉइड किंवा अँटिबायोटिकमुळे बुरशीचा संसर्ग होऊन खाज सुटणं, ऑपरेशननंतर ओटीपोटात आतले अवयव चिकटणं, किंवा पूर्वी दुखलं म्हणून स्नायू आपोआप आवळले जाणं, यांपैकी काहीही असू शकतं. प्रत्येकाचा उपाय निराळा आहे, म्हणून स्त्रीरोगतज्ज्ञांकडून तपासून घ्या. कोरडेपणासाठी औषधाच्या दुकानात पाण्यावर आधारित जेल मिळतं. घरात सहज हाताशी असतं म्हणून खोबरेल तेल वापरलं जातं, पण निरोधसोबत ते वापरू नका, कारण तेलानं रबर कमकुवत होऊन निरोध फाटतो. पाळी गेल्यानंतरच्या कोरडेपणासाठी योनीत लावायचं इस्ट्रोजेनचं क्रीम मिळतं, ते डॉक्टरांच्या सल्ल्यानं वापरता येतं.

क्रोन्समध्ये काहींना गुदद्वाराशेजारी भगंदर होतो. कधी आतडं आणि योनी यांच्यामध्ये वाट तयार होते आणि योनीतून वारा, घाण वासाचा स्राव किंवा मळ येऊ लागतो. अनेक बायका याला ‘अंगावरून पांढरं जाणं’ समजून महिनोन्‌महिने लपवतात आणि नवऱ्यालाही जवळ येऊ देत नाहीत. हे पांढरं जाणं नव्हे. तुमच्या पोटाच्या डॉक्टरांना आणि सर्जनना तातडीनं दाखवा. भगंदरात सेटनचा दोरा घातलेला असेल तरी योनीमार्गे संबंध सहसा वर्ज्य नसतात, मात्र जखम ताजी असेपर्यंत थांबावं लागतं. किती दिवस, ते सर्जनना विचारा.

पाळीच्या दिवसांत अनेकींना जुलाब आणि पोटदुखी वाढल्याचं जाणवतं. दर महिन्याला तेवढंच होऊन थांबत असेल तर लगेच आजार उलटला असं समजू नका. पण पाळीच्या दुखण्यासाठी सर्रास घेतल्या जाणाऱ्या मेफेनॅमिक अॅसिड, आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांसारख्या गोळ्या काहींचा आजार भडकवतात. पॅरासिटामॉल आणि गरम पाण्याची पिशवी हा आधी करून पाहायचा उपाय. त्यानं भागलं नाही तर डॉक्टरांना विचारा.

पुरुषांना होणारे त्रास

ताठरता न येणं किंवा टिकून न राहणं हे पुरुष सर्वांत उशिरा सांगतात. आजार उसळलेला असणं, नैराश्य, काही औषधं, मधुमेह, रक्तदाब, घटलेलं टेस्टोस्टेरॉन आणि ओटीपोटातली शस्त्रक्रिया ही त्याची कारणं. स्टेरॉइडनं साखर वाढते, तेव्हा ती तपासायला हवी. सिल्डेनाफिलसारखी गोळी डॉक्टरांच्या सल्ल्यानं उपयोगी पडते. पण हृदयविकारासाठी नायट्रेटची गोळी चालू असणाऱ्यानं ती घेतली तर रक्तदाब धोकादायक पातळीपर्यंत कोसळतो. ‘आयुर्वेदिक’ म्हणून विकल्या जाणाऱ्या काही पुड्यांमध्ये हेच औषध किंवा स्टेरॉइड न सांगता मिसळलेलं आढळलं आहे. म्हणून बिननावाची पुडी, बाटली, तेल काहीही घेऊ नका.

सल्फासालाझिन हे जुनं, स्वस्त आणि उपयोगी औषध आहे. सांधेही दुखत असतील तर ते आवर्जून दिलं जातं. पुरुषांमध्ये त्यानं शुक्राणूंची संख्या आणि हालचाल घटते. हा परिणाम कायमचा नसतो. औषध बदलल्यावर साधारण दोन-तीन महिन्यांत वीर्य पूर्ववत होतं. मूल होत नाही म्हणून बायकोच्या तपासण्यांवर तपासण्या होत राहतात आणि नवऱ्याच्या गोळीकडे कुणाचं लक्ष जात नाही, असं होऊ देऊ नका. मूल हवं असेल तर आधीच सांगा, डॉक्टर त्याऐवजी मेसालामीन देऊ शकतात. पण या परिणामाला गर्भनिरोधक मात्र समजू नका, गर्भ राहू शकतो.

गुदमैथुनाबद्दल

स्त्री असो वा पुरुष, जोडीदार कुणीही असो, या विषयावर स्पष्ट बोललं पाहिजे. गुदाशयात सूज असताना, गुदद्वाराजवळ भगंदर, चीर किंवा गळू असताना, आणि मोठं आतडं काढून छोट्या आतड्याची थैली जोडलेली असताना गुदमैथुन टाळावा. त्यानं इजा आणि संसर्ग होतो. आजार पूर्ण शांत असताना काय चालेल, ते तुमची कोलोनोस्कोपी पाहणारे डॉक्टर सांगू शकतील, पण त्यासाठी तुम्ही प्रश्न विचारायला हवा. आणखी एक महत्त्वाचं : परमा, क्लॅमिडिया, हर्पिस, उपदंश अशा संसर्गांनीही गुदाशय सुजतो, रक्त आणि चिकट स्राव जातो, आणि दिसायला ते अगदी कोलायटिससारखं असतं. डॉक्टरांना संबंधांची माहिती नसेल तर संसर्गाला कोलायटिस समजून स्टेरॉइड वाढवलं जाण्याचा धोका असतो. तुमची माहिती गोपनीय ठेवणं हे डॉक्टरांचं कर्तव्य आहे.

मूल नको असेल तेव्हा

आजार उसळलेला असताना गर्भ राहणं टाळावं, आणि काही औषधं चालू असताना तर टाळायलाच हवं. म्हणून गर्भनिरोधक हा आयबीडीच्या उपचाराचाच भाग आहे.

निरोध सगळ्यांना चालतो आणि संसर्गापासूनही वाचवतो. तांबी आयबीडीत सुरक्षित आहे. रोज आठवण ठेवावी लागत नाही आणि पोटातून औषध शोषलं जाण्याचा प्रश्नही येत नाही. मात्र तांबीनं पाळीत रक्तस्राव वाढू शकतो, म्हणून आधीच रक्त कमी असेल तर हार्मोन असलेल्या कॉइलचा विचार करा.

इस्ट्रोजेन असलेल्या नेहमीच्या गोळ्यांबाबत दोन गोष्टी पाहाव्या लागतात. आयबीडीत मुळातच शिरांमध्ये रक्ताची गुठळी होण्याचा धोका इतरांच्या दोन-तीन पट असतो आणि इस्ट्रोजेननं तो वाढतो. आजार उसळलेला असेल, पूर्वी गुठळी झालेली असेल, तुम्ही धूम्रपान करत असाल किंवा टोफासिटिनिब घेत असाल, तर दुसरी पद्धत बरी. दुसरी गोष्ट म्हणजे छोट्या आतड्याचा मोठा भाग सुजलेला किंवा काढलेला असेल, किंवा जोराचे जुलाब चालू असतील, तर तोंडानं घेतलेली गोळी पुरेशी शोषली जाईलच असं नाही.

सरकारी दवाखान्यात दर तीन महिन्यांनी मिळणारं ‘अंतरा’ इंजेक्शन सोयीचं आहे, पण दीर्घकाळ घेतल्यास हाडांची घनता घटते. स्टेरॉइडनंही तेच होतं. दोन्ही एकत्र लांबवू नयेत.

आपल्याकडे लागू पडणारी एक महत्त्वाची गोष्ट : आतड्याचा टीबी आणि क्रोन्स दिसायला इतके सारखे असतात की अनेकांना आधी टीबीचा कोर्स दिला जातो. इन्फ्लिक्सिमॅबसारखं इंजेक्शन सुरू करण्याआधी दडून बसलेल्या टीबीसाठीही गोळ्या दिल्या जातात. त्यांत रिफॅम्पिसिन किंवा रिफापेंटिन असेल तर हार्मोनच्या गर्भनिरोधक गोळ्या नीट काम करत नाहीत. कोर्स चालू असेपर्यंत आणि संपल्यावरही काही आठवडे तांबी किंवा निरोध वापरा.

मूल हवं असेल तेव्हा

आजार शांत असेल आणि ओटीपोटाची मोठी शस्त्रक्रिया झालेली नसेल, तर आयबीडी असलेल्या स्त्रीला दिवस राहण्याची शक्यता जवळपास इतर स्त्रियांइतकीच असते. मूल न होण्याचं एक मोठं कारण असं दिसतं की आजाराच्या धास्तीनं जोडपी मुलाचा विचारच सोडून देतात. आई किंवा बाबा यांपैकी एकाला आजार असेल तर मुलाला तो होण्याची शक्यता काही टक्क्यांचीच असते. म्हणजे बहुसंख्य मुलांना तो होत नाही. दोघांनाही असेल तर धोका बराच वाढतो.

योग्य क्रम असा : आधी डॉक्टरांशी बोलणं, मग औषधांची फेरतपासणी, मग आजार किमान तीन ते सहा महिने शांत असल्याची खात्री, आणि त्यानंतर प्रयत्न. आजार शांत असताना गर्भ राहिला तर बहुतेकींचे नऊ महिने नीट पार पडतात. सूज चालू असताना राहिला तर ती बहुधा तशीच राहते किंवा वाढते, आणि गर्भपात, अपुऱ्या दिवसांचं बाळंतपण, कमी वजनाचं बाळ असे धोके वाढतात. बाळाला खरा त्रास उसळलेल्या आजाराचा होतो. म्हणून बहुतेक औषधं गरोदरपणातही चालू ठेवली जातात. मेसालामीन, अॅझाथायोप्रिन, इन्फ्लिक्सिमॅब, अॅडालिमुमॅब आणि वेडोलिझुमॅब ही त्यांतली. सल्फासालाझिनही चालतं, पण त्यासोबत फॉलिक अॅसिडची जास्त मात्रा लागते.

ज्यांना ठाम ‘नको’ म्हणायचं अशी औषधं थोडी आहेत. मेथोट्रेक्सेटनं गर्भात व्यंग येऊ शकतं किंवा गर्भपात होतो. स्त्रियांनी ते प्रयत्नांच्या किमान तीन महिने आधी बंद करायचं असतं. पुरुषांबाबत अलीकडची माहिती बरीच दिलासा देणारी आहे, तरी काही डॉक्टर त्यांनाही तेवढंच थांबायला सांगतात. थॅलिडोमाइड गर्भासाठी अतिशय घातक आहे. ते घेणाऱ्या पुरुषानंही निरोध वापरलाच पाहिजे. टोफासिटिनिब आणि उपाडासिटिनिब या गोळ्याही स्त्रियांनी गर्भधारणेआधी बदलून घ्यायच्या असतात. यांपैकी काही चालू असताना पाळी चुकली, तर घाबरून सगळीच औषधं फेकू नका. त्याच दिवशी तपासणी करून पोटाच्या डॉक्टरांना आणि स्त्रीरोगतज्ज्ञांना फोन करा. निरोध फाटला असेल तर ७२ तासांच्या आत घ्यायची आपत्कालीन गोळी जितकी लवकर घ्याल तितकी उपयोगी.

बाळंतपण नैसर्गिक की सिझेरियन, हे बहुतांशी स्त्रीरोगतज्ज्ञ इतर कारणांवरून ठरवतात. गुदद्वाराभोवतीचा क्रोन्स चालू असेल तर मात्र सिझेरियन सुचवलं जातं. थैलीची शस्त्रक्रिया झालेली असेल तर सर्जनचा सल्ला घेतला जातो.

बाळाच्या लशींची गोष्ट आठवणीनं लक्षात ठेवा. इन्फ्लिक्सिमॅब किंवा अॅडालिमुमॅब हे औषध शेवटच्या महिन्यांत वारेतून बाळाच्या रक्तात उतरतं आणि काही महिने राहतं. आपल्याकडे बीसीजी जन्मानंतर लगेच टोचतात आणि ती जिवंत जंतूंची लस आहे. अशा बाळाला ती किमान सहा महिने, आणि काही वेळा वर्षभर पुढे ढकलावी लागते. पोलिओचे थेंब आणि रोटाव्हायरसच्या लशीही जिवंत जंतूंच्या असतात, त्यांचं बालरोगतज्ज्ञ ठरवतील. हिपॅटायटिस बीसारख्या इतर लशी वेळेवरच द्यायच्या. बाळंतपणाच्या खोलीत कुणाच्या लक्षात राहील न राहील, म्हणून फाईलच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा : ‘आईला अमुक औषध, बीसीजी विचारून द्या.’

शस्त्रक्रिया आणि पोटावरची पिशवी

शस्त्रक्रियेच्या आधीच सर्जनना चार प्रश्न विचारा : यात कामजीवनाशी निगडित नसांना किती धोका आहे? पुढे मूल हवं असेल तर काय? दुर्बिणीतून करता येईल का? संबंध कधी सुरू करता येतील? गुदाशय काढताना जवळच्या नसांना इजा झाली तर थोड्या पुरुषांत ताठरतेचा त्रास होतो किंवा वीर्य बाहेर न येता मूत्राशयात जातं. म्हणून मूल हवं असलेल्या पुरुषानं आधी वीर्य साठवून ठेवावं. स्त्रियांमध्ये थैलीच्या शस्त्रक्रियेनंतर गर्भनलिकांभोवती चिकटपणा येऊन दिवस राहायला अडचण येते. जुन्या, पोट उघडून केलेल्या शस्त्रक्रियांत वंध्यत्वाचं प्रमाण सुमारे तिप्पट आढळलं. दुर्बिणीतून केल्यास ते कमी असतं, आणि टेस्ट ट्यूब बेबीचा मार्गही खुला असतो.

पिशवी आली म्हणजे शृंगार संपला, असं मुळीच नाही. पिशवी आधी रिकामी करा, कडा नीट चिकटल्यात ना ते पाहा, दुमडून कापडी कव्हर किंवा रुंद पट्टा लावा. अंगावर सुती बनियन किंवा गाऊन ठेवला तरी चालतो. हळू आणि काळजीपूर्वक घेतल्यास स्टोमाला, म्हणजे पोटावर काढलेल्या आतड्याच्या तोंडाला, घासल्यानं सहसा इजा होत नाही, पण स्टोमात काहीही घालायचं नाही. जोडीदाराला पिशवी पहिल्यांदा दाखवताना ती भर उजेडात, दिवसा, शांतपणे बोलत दाखवा. अंथरुणात अचानक कळू देऊ नका. मोठ्या रुग्णालयांत स्टोमा नर्स असतात, मुंबईत ऑस्टोमी असोसिएशन ऑफ इंडिया ही संस्था आहे. हाच प्रवास केलेल्या माणसाशी झालेली तासाभराची भेट पुष्कळ बळ देते.

लशी आणि तपासण्या

प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं घेणाऱ्या स्त्रियांमध्ये एचपीव्ही विषाणू टिकून राहतो आणि गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचा धोका वाढतो. त्यांनी पॅप स्मिअर किती वर्षांनी करायची ते विचारून ठेवावं. अनेक तज्ज्ञ ती दर वर्षी करायला सांगतात. एचपीव्हीची लस जिवंत जंतूंची नसल्यामुळे ही औषधं चालू असतानाही घेता येते. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची सर्व्हाव्हॅक ही लस ९ ते २६ वर्षांच्या मुलामुलींसाठी आहे. प्रतिकारशक्ती कमी असणाऱ्यांना सहसा तीन डोस देतात. हिपॅटायटिस बी शरीरसंबंधातूनही पसरतो आणि इन्फ्लिक्सिमॅबसारखी बायोलॉजिक औषधं घेताना उसळू शकतो, म्हणून त्याची तपासणी आणि लस दोन्ही हवं.

लग्न ठरवताना

स्थळ पाहताना हा आजार सांगायचा की नाही, हा प्रश्न घराघरांत आई-वडिलांना छळतो. सांगा. पत्रिका, पगार, फ्लॅट यांआधी आजार सांगायला हवा असं नाही, पण दोघांची पसंती झाली की साखरपुड्याआधी मुलानं किंवा मुलीनं स्वतः सांगावं, मध्यस्थाकडून नाही. काय आहे, कोणती औषधं चालू आहेत, सध्या प्रकृती कशी आहे, मूल होऊ शकतं का, एवढं पाच मिनिटांत सांगता येतं. हवं तर दोघांनी मिळून एकदा डॉक्टरांना भेटावं. एखादं स्थळ मोडेल आणि त्याचं दुःखही होईल. पण गोळ्या कपाटात लपवून सुरू केलेल्या संसारात औषधं चुकतात, आजार उसळतो आणि विश्वास तुटतो. ते दुःख मोठं.

डॉक्टरांशी कसं बोलायचं?

एकट्यानं बोलायचं असेल तर ‘मला दोन मिनिटं एकांतात बोलायचंय’ असं सांगा. डॉक्टरांना त्यात नवल वाटत नाही. तोंडानं सांगणं जमत नसेल तर चिठ्ठी लिहून द्या. वाक्य साधं असू दे : ‘संबंधाच्या वेळी दुखतं.’ ‘इच्छा होत नाही, गोळीमुळे असेल का?’ ‘पुढच्या वर्षी मूल हवंय, कोणती औषधं बदलू?’ ‘ताठरता राहत नाही.’ पोटाचे डॉक्टर स्वतः उपचार करतील किंवा स्त्रीरोगतज्ज्ञ, मूत्ररोगतज्ज्ञ, समुपदेशक यांच्याकडे पाठवतील. एकानं टाळलं तर दुसऱ्याला विचारा.

काही गोष्टींसाठी मात्र पुढच्या तारखेची वाट पाहू नका. योनीतून वारा किंवा मळ येणं, संबंधानंतर रक्त जाणं, गुदद्वाराजवळ दुखरी गाठ आणि ताप, एका पायाला सूज येऊन पोटरी दुखणं, दम लागणं, मेथोट्रेक्सेट किंवा थॅलिडोमाइड चालू असताना पाळी चुकणं, आणि जगणं नको वाटणं. यांपैकी काही झालं तर त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा.

जोडीदारांसाठीही एक सांगणं. तुमच्या माणसाची इच्छा कमी झाली म्हणजे तुमच्यावरचं प्रेम आटलं, असा अर्थ काढू नका. पुढच्या भेटीला सोबत जा, तुमचेही प्रश्न विचारा. हा आजार आयुष्यभर सोबत राहणारा आहे. त्याच्या उपचारात रक्त थांबणं, वजन वाढणं जितकं महत्त्वाचं, तितकंच दोन माणसांनी एकमेकांच्या जवळ असणंही महत्त्वाचं आहे. ते मागणं हा प्रत्येक पेशंटचा हक्क आहे.